पहिलं वाक्य

फॉर्मवर तू लिहिलंस समाजकार्य
आणि मला आधी बॅनरच दिसला.
हात जोडलेले सतरा फोटो, खाली वह्यावाटप,
मधोमध एक गॉगल.
गडहिंग्लजला आम्ही यालाच समाजकार्य म्हणायचो.
त्याची पदवी असते,
तीन वर्षं, वर आणखी दोन,
परीक्षेत नापाससुद्धा होता येतं,
हे मला पन्नाशीत कळलं, शारजात, अबू शगाऱ्यात,
रात्री साडेदहाला,
एसीचं पाणी बादलीत ठिबकत असताना.

मी बोललो ते बोललो.
की लोकांची धुणी धुवायला फी कशाला भरायची.
की मोकाशींचा निनाद बघ, डेटा सायन्सला गेला.
की दिरहममध्ये शिकायचं नि रुपयांत झिजायचं,
हा कुठला हिशेब.
तुझी आई कणीक मळत राहिली,
हाताला जरा वेग आला तिच्या, एवढंच.

हिशेब मला येतो, शर्वाणी.
सज्जाच्या कॅम्पवर एकवीस वर्षं टाइमकीपर आहे मी.
पहाटे सव्वाचारला बस लागते,
तीनशे बारा अंगठे मशीनवर टेकतात.
सिमेंटने झिजलेला अंगठा मशीन ओळखत नाही.
मग मी ओळखतो,
वहीत हाताने लिहितो, हजर.

त्या दिवशी एल्लय्या हजर नव्हता.
वरच्या खाटेवर होता, भिंतीकडे तोंड करून.
डब्यात रात्रीचा भात,
झाकण घट्ट.

कंपनी म्हणाली, घरी कळवा.
पीआरओ सुट्टीवर, मॅनेजर मीटिंगमध्ये,
नंबर माझ्या वहीत होता
म्हणून मी.
घरी येऊन, बेडरूमचं दार लोटून फोन लावला
जगतियालच्याही पुढे कुठल्याशा गावात.
बायकोला हिंदी येत नव्हती.
तिने मुलीकडे दिला.
पाचवी-सहावीतली असावी,
शाळेतली हिंदी, एकेक शब्द
पाटीवर गिरवल्यासारखा.
मी म्हणालो, पप्पांची तब्येत थोडी बिघडलीय.
ती म्हणाली,
थोडी म्हणजे किती?

मी रेंज गेल्यासारखं केलं.
हॅलो, हॅलो म्हणत राहिलो
सगळं स्वच्छ ऐकू येत असताना.

पेटी नवव्या दिवशी विमानात चढली.
कागद मीच भरले. एकोणीस सह्या,
एकही चुकली नाही.

तू तेव्हा अकरा वर्षांची.
दाराशी सावली हलली होती,
मला वाटलं, पाणी प्यायला उठलीस.

काल माझं सगळं बोलून झाल्यावर
तू आवाज न चढवता म्हणालीस,
बाबा, ते कसं सांगायचं हे शिकवतात तिथे.
लहान मुलांना मध्ये घ्यायचं नाही.
आधी विचारायचं, जवळ कोण आहे,
बसलात का.
थोडी बिघडलीय, असं म्हणायचं नाही.

एल्लय्याचं नाव घेतलं नाहीस.
मीही नाही.
सात वर्षं मला वाटत होतं
ती मुलगी फक्त माझ्याच कानात बोलते.

सही केलीय. पालकाच्या रकान्यात, जरा तिरकी.
पटलं म्हणून नाही सगळं.
पगाराचं अजून पटलेलं नाही,
त्यावर भांडू रविवारी,
आईलाही घेऊ.

निघायला पाऊण तास आहे अजून.
तुझ्या दाराखाली उजेड दिसतोय,
चहा टाकतो दोघांना.
तेवढं सांग मला,
समोरचं माणूस बसलंय,
जवळ कोणीतरी आहे,
लाइन स्वच्छ आहे.
आता काय म्हणायचं?
सगळं नको.
पहिलं वाक्य फक्त.